जुन्यांच्या सोबतीला

कॅनडातल्या वॉटर्लूच्या युनिव्हर्सिटीतली हाडांची लॅब बेसमेंटमध्ये आहे. हाडांना उजेड मानवत नाही, असं कारण देतात. खरं कारण असं की वरच्या खिडकीवाल्या खोल्या कॉम्प्युटरवाल्यांनी कधीच बळकावल्या आहेत. सिसिलिया तुस्कानोची त्याबद्दल तक्रार नव्हती. वसईहून आलेली ही बाई आयुष्यभर तिथे सुखाने नांदली. "मेलेली माणसं त्रास देत नाहीत, जिवंतांचं सांगता येत नाही," असं ती पार्ट्यांमधून हसत हसत सांगायची. या जानेवारीत तिने ते सांगणं बंद केलं.

कारण सकाळी दार उघडावं तर आत नळ वाहत असायचा. धो धो नव्हे, करंगळीएवढी बारीक धार. आदल्या संध्याकाळी तो तिने स्वतः बंद केलेला असायचा. बंद करून, कोट घालून, पुन्हा मागे येऊन पिळून पाहिलेला असायचा. प्लंबर आला, वॉशर बदलून गेला. दुसऱ्या दिवशी धार पुन्हा हजर.

दुसरी गोष्ट म्हणजे ती तांबडी पूड. कॉफीच्या मगाच्या कानाला, चष्म्याच्या काडीला, गाडीच्या स्टिअरिंगला, बाहेर सगळीकडे पांढरंशुभ्र बर्फ असताना हिच्या बुटांच्या टाचांना. कुंकवासारखी, पण जरा विटकरी. पूड कुठली ते तिला पक्कं माहीत होतं. ती ज्या खोक्यात होती तो खोका कुलपात होता आणि कुलपाची किल्ली तिच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. तिने पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुठेतरी दिसायची.

हे सगळं सुरू झालं ती माल्टाची म्हातारी येऊन गेल्यापासून. पण म्हातारीच्या आधी खोक्याचं सांगायला हवं.

माल्टा म्हणजे इटलीच्या खाली समुद्रात पडलेला दगडाचा तुकडा. देश एवढासा, पण तिथे कुठेही खणा, कोणीतरी आधीच राहून गेलेलं असतं. पन्नासेक वर्षांपूर्वी वॉटर्लूचे एक प्रोफेसर तिथे गेले आणि त्यांनी ता-बेट्टा नावाची गुहा खणली. त्या गुहेच्या एका भिंतीत अख्ख्या देशाचा इतिहास थरावर थर रचलेला होता. सगळ्यात वर महायुद्धातली बटणं, बीफचे डबे आणि तुटलेली जपमाळ, कारण बॉम्ब पडत होते तेव्हा गावातली कुटुंबं तिथे लपून राहिली होती. खाली मेंढपाळांच्या चुली. त्याखाली माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या काळातली बंदुकीची गोळी, मग अरबांच्या काळातली हिरवी खापरं, रोमन दिवे. आणि गुहेच्या अगदी पोटात, वाकून शिरावं लागेल अशा एका खोलीत, पाच हजार वर्षांपूर्वीची माणसं. शेकड्यांनी. तांबड्या मातीत माखलेली, एकमेकांत मिसळलेली हाडं.

अभ्यासासाठी म्हणून ती हाडं खोक्यांत भरून कॅनडात आली आणि इथेच राहिली. प्रोफेसर वारले. सिसिलिया तेव्हा विद्यार्थिनी होती. एक दिवस तिने एक लहान खोका उघडला आणि तिच्या अंगावर काटा आला. आत एका तान्ह्या बाळाची हाडं होती, गाठोडं बांधावं तशी नीट रचलेली. हातापायांची लांब हाडं खाली, शेजारी शेजारी. बरगड्या त्यांच्यावर. आणि सगळ्यांच्या वर कवटी, समोर बघणारी.

ही रचना तिने पाहिली होती. वसईत तिच्या गावच्या चर्चची दफनभूमी लहान आणि माणसं फार, म्हणून काही वर्षांनी थडगं उघडतात, घरच्यांना बोलावतात, आणि हाडं उचलून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्या खड्ड्यात मग दुसऱ्याचा नंबर. सिसिलिया लहान असताना तिच्या आजीची हाडं निघाली. आईने ती पाटाजवळ बसून पाण्याने धुतली, पांढऱ्या फडक्याने एकेक पुसली, आणि पेटीत अशीच ठेवली होती: लांब हाडं खाली, डोकं वर. ना आई रडत होती, ना बाकीच्या बायका. पोरींना न्हाऊ घालावं तसं काम चाललं होतं.

सिसिलियाने त्या आठवणीवर प्रबंध लिहिला. माल्टाचे ते प्राचीन लोक आपल्या मेलेल्यांना एकदा पुरून विसरून जात नव्हते. काही वर्षांनी ते त्यांना उचलत, मायेने रचत, तांबडी माती लावत. म्हणजे आमच्या वसईवाल्यांसारखंच की! लोकांना हे फार आवडलं. नोकरी लागली, ती पक्की झाली, बाळाचा फोटो जाडजूड पुस्तकात आला. हाडांची तारीख काढायची तर तुकडा तोडून द्यावा लागतो. बाळाची हाडं काडीएवढी, तिचं मन झालं नाही. शेजारच्या हाडांची तारीख पाच हजार वर्षांची निघाली होती, तीच तिने बाळाला लावली. कोणी विचारलं नाही. तांबडी माती दिसतच होती, आणि त्या मातीला पाण्याचा थेंब लावायचा नाही, फक्त कोरडा ब्रश, हा तिचा स्वतःचा नियम होता.

आता माल्टाने आपले खोके परत मागितले होते आणि मार्चमध्ये ते जाणार होते. तिथल्या म्युझियमात बाळासाठी वेगळी काचपेटी तयार होती. उद्घाटनाला भाषण सिसिलियाचं. रिटायर व्हायला दोनच वर्षं होती, आणि आयुष्याचं सोनं झालं असं वाटायला आणखी काय लागतं?

अशात ती म्हातारी आली. नाव कॉन्चेट्टा. टोरोंटोच्या माल्टीज वस्तीत राहायची, वय नव्वद. पुतण्याने गाडीने आणून सोडलं आणि तो टिम हॉर्टन्समध्ये कॉफी पीत बसला. वॉकर ढकलत ती बेसमेंटमध्ये आली, खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मला माझ्या भावाला भेटायचंय."

सिसिलियाला वाटलं, बाई चुकून इकडे आली. पण बाई सांगत गेली. बेचाळीस सालचा उन्हाळा. ती सात वर्षांची. ता-बेट्टाच्या गुहेत त्यांचं कुटुंब राहत होतं. एका दुपारी बाकीची माणसं जेवणाच्या रांगेत गेली असताना तिची आई अवेळी बाळंत झाली. मुलगा झाला. निळसर पडला होता, टिकणार नाही हे आईला कळलं. अशा वेळी घरच्या कोणीही पाणी ओतून बाप्तिस्मा दिला तरी चालतो, हे तर सिसिलियाही लहानपणी शिकली होती. पण गुहेतले घडे रिकामे होते. आईने पोरीच्या हातात डबा दिला आणि म्हणाली, पळ, विहिरीवरून पाणी आण.

"मी पळाले," कॉन्चेट्टा म्हणाली. "डबा भरला आणि भोंगा वाजला. विमानं आली. मी विहिरीच्या भिंतीला चिकटून बसले. हललेच नाही. सगळं शांत झाल्यावर गेले, तेव्हा आईने त्याचं तोंड झाकलं होतं."

बाप्तिस्मा नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही. आईने त्याला गुहेच्या तोंडाशी पुरलं. युद्ध संपल्यावर तिने त्याची हाडं उचलली आणि पुन्हा चर्चमध्ये गेली. पुन्हा तेच उत्तर. मग ती त्याला घेऊन गुहेत शिरली, अगदी आतल्या खोलीत, जिथे जुनी माणसं होती.

"मी कंदील धरला होता. आई म्हणाली, या जुन्यांनाही कोणी बाप्तिस्मा दिला नव्हता, ते याला आपल्यात घेतील. मग तिथलीच तांबडी माती घेऊन तिने त्याला माखला. म्हणाली, त्यांच्यासारखा दिसला तर त्याला परका म्हणणार नाहीत."

सिसिलियाने चेहरा सरळ ठेवला. प्रोफेसरबाईंना ते चांगलं जमतं.

"आता नियम बदललाय," कॉन्चेट्टा म्हणाली. "आई इथे आहे, टोरोंटोत. तिच्या थडग्यात त्याला ठेवू देतील, मी फादरना विचारलंय. मी फार दिवस नाहीये. पेपरात आलंय, तुमच्याकडे एक लहान बाळ आहे ना? त्याचे पाय खाली आणि डोकं वर, समोर बघणारं आहे का? आईने तसं ठेवलं होतं, म्हणजे त्याला दिसेल."

सिसिलियाच्या पाठीमागे कपाटात खोका होता. चार पावलं.

"नाही," ती म्हणाली. "आमच्याकडची सगळी हाडं पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत. तुमचा भाऊ त्यात नाही. आय अ‍ॅम सॉरी."

म्हातारीने मान हलवली. वाद घातला नाही, रडली नाही. टिम हॉर्टन्सच्या कागदी नॅपकिनवर फोन नंबर लिहून टेबलावर ठेवला आणि वॉकर ढकलत गेली. त्या संध्याकाळी सिसिलियाने नळ बंद केला, आणि सकाळी तो वाहत होता.

फेब्रुवारी लागला तसा नळ घरापर्यंत आला. ती कामावरून यायची तर किचनमध्ये सिंकचा नळ चालू. तिचा नवरा डेस्मंड इन्शुरन्स कंपनीतला, पाण्याचा थेंब वाया गेला तरी त्याचा जीव वर-खाली व्हायचा.

"सिसिल, परत नळ ओपन ठेवलास? बेसमेंट फ्लड होईल एक दिवस, आणि मग क्लेम मीच रिजेक्ट करायचा का?"

"मी नाही ठेवला."

"मग कोण, भुताने?"

तो हसला, ती हसली नाही. फोनवर कॅलगरीहून मुलगी बियांका म्हणाली, "मॉम, जस्ट कॉल अ प्लंबर, ओके?" मुलांकडे प्रत्येक गोष्टीला प्लंबर असतो.

सिसिलियाने स्वतःची समजूत काढायचा सगळा प्रयत्न केला. नव्वदीची बाई, सात वर्षांच्या पोरीची आठवण, काय भरवसा? हाडं रचायची ती पद्धत कोणालाही सुचेल. पण कवटी समोर बघणारी होती, हे पुस्तकातल्या फोटोत दिसत नव्हतं. फोटो वरून काढलेला होता. ते फक्त तिला माहीत होतं, आणि आता त्या म्हातारीला.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती रात्रंदिवस तिला कुरतडत होती. चूक झाली ती आजीमुळे झाली होती. दुसऱ्या कोणी तो खोका उघडला असता तर म्हणाला असता, हे वेगळं दिसतंय, तपासा. तिला मात्र ते घरचं दिसलं. घरचं म्हणून तिने शंका घेतली नाही. आणि ते घरचंच होतं! युद्धातल्या एका कॅथलिक बाईने आपल्या पोराची हाडं उचलली होती, वसईतल्या तिच्या आईसारखीच. सिसिलियाने त्या आईचं दुःख बरोबर ओळखलं आणि ते तेवढं पाच हजार वर्षं मागे ढकलून दिलं.

ते एका रविवारी, भर दुपारी घडलं. डेस्मंड बाहेर ड्राइव्हवे शोव्हल करत होता, फावड्याचा खरखर आवाज येत होता. सिसिलिया मासे धुवायला सिंकपाशी गेली आणि तिने नळाला हात लावायच्या आत धार सुरू झाली. तिच्या डोळ्यांदेखत. बारीक, करंगळीएवढी. धारेखालच्या पांढऱ्या बशीत पाणी साचलं, आणि बशीच्या तळाशी तांबडं काहीतरी हळूहळू पसरलं.

ती ओरडली नाही. तिला भीती वाटली, मान्य. पण भीतीच्या मागोमाग जे आलं त्याची तिला अपेक्षा नव्हती. तिला आईचा आवाज आठवला. आजीच्या हाडांवर पहिला तांब्या ओतताना आई म्हणाली होती, "घे गं बाय. इतकी वर्षं मातीत होतीस, तहान लागली असेल."

हे वाक्य प्रबंधात नव्हतं. त्या दिवसाचं सगळं तिने लिहिलं होतं, रचना, फडकं, क्रम, आणि पाणी तेवढं विसरली होती. त्रास देत नव्हतं ते पोर. पाणी मागत होतं. कधीपासून मागत होतं, आणि हिने त्याच्याजवळ फक्त कोरडा ब्रश न्यायचा नियम केला होता.

डेस्मंड आत आला तेव्हा ती सिंकला धरून रडत होती. नळ बंद होता. तिने त्याला सगळं सांगितलं, म्हातारीशी खोटं बोलल्याचंही.

डेस्मंड बूट न काढताच स्टुलावर बसला. बर्फाचं पाणी फरशीवर पसरत गेलं आणि तो एकदाही फरशीबद्दल बोलला नाही.

"बोलाव तिला," तो शेवटी म्हणाला. "पुस्तकाचं काय व्हायचं ते होईल. तुझी आई असती तर तिने तुला एवढा वेळही दिला नसता."

सिसिलियाने पर्समधून नॅपकिन काढला. तो तिने टाकला का नव्हता, हे तिने स्वतःला अजूनपर्यंत विचारलं नव्हतं. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते."

म्हातारी म्हणाली, "पाणी मी आणते."

मंगळवारी ती आली. पुतण्याला या वेळीही बाहेरच ठेवलं. पर्समधून तिने प्लास्टिकची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"चर्चमधलं आहे का?" सिसिलियाने विचारलं.

"नाही. किचनच्या नळाचं. आईने मला साधंच पाणी आणायला सांगितलं होतं."

सिसिलियाने गळ्यातली किल्ली काढली. खोका उघडला आणि गाठोडं पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवलं. कॉन्चेट्टा वाकली, पुन्हा वाकली, नाक जवळजवळ कवटीला टेकेपर्यंत वाकली. मग तिने आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं, लहान पोराला हाक मारावी तसं.

सिसिलियाने पस्तीस वर्षं जिवापाड जपलेली ती तांबडी माती. ती गेली की पुरावा गेला, पुस्तक गेलं, काचपेटी गेली. खरंच पाच हजार वर्षं ती माती अंगावर असेल तर रंग हाडात मुरलेला असणार, धुऊन जायचा नाही. आतमध्ये कुठेतरी, अगदी आतमध्ये, तिला अजूनही वाटत होतं की तो जाऊ नये. हेही खरंच आहे आणि लपवण्यात अर्थ नाही.

"ओता," ती म्हणाली.

म्हातारीने बाटलीचं झाकण काढलं. दोन्ही हातांनी बाटली धरली आणि कवटीवर धार धरली. बारीक, करंगळीएवढी. तांबडा रंग ओघळला, ट्रेमध्ये उतरला आणि पसरला. पहिल्या धारेतच खालचं हाड दिसलं. फिकं, दुधी, कोवळं. एका माणसाच्या आयुष्याएवढंच जुनं हाड. सिसिलियाने त्या शेकड्यांतली सगळी जुनी हाडं हाताळली होती, आत खोलवर विटकरी झालेली. हे त्यांच्यातलं नव्हतं. हे त्यांच्याकडे फक्त सोबतीला ठेवलेलं होतं.

"आले रे," कॉन्चेट्टा त्याला म्हणत होती. "आले. विहीर लांब होती."

बाटली रिकामी झाली. सिसिलियाने कपाटातून स्वच्छ पांढरं फडकं काढलं आणि एकेक हाड उचलून पुसलं. तिला आठवावं लागलं नाही. लांब हाडं खाली, बरगड्या वर, आणि सगळ्यांच्या वर डोकं, समोर बघणारं. कॉन्चेट्टा तिच्या हातांकडे बघत होती.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"माझ्या आईने."

बेसमेंटमध्ये कसलाही आवाज नव्हता. कोपऱ्यातला नळ कोरडा होता. म्युझियमला काय कळवायचं, भाषणाचं काय करायचं, कुठून कुठून कोणकोणत्या परवानग्या काढायच्या, हे सगळं उद्यावर होतं आणि उद्या सोपा नसणार हे तिला माहीत होतं. आज तिने खोक्यावरचं जुनं लेबल नखांनी खरवडून काढलं. ते घट्ट चिकटलं होतं, नखं दुखली. मग नवं लेबल चिकटवलं आणि पेन हातात घेतलं.

"नाव काय लिहू?"

कॉन्चेट्टाने ओली बोटं पदराला पुसावीत तशी स्वेटरला पुसली.

"नाव नव्हतं त्याला," ती म्हणाली. "पाणी आलं की ठेवायचं होतं."

सिसिलियाने पेन तिच्या हातात दिलं आणि लेबल तिच्या बाजूला सरकवलं.

"आलंय आता पाणी," ती म्हणाली. "ठेवा."